दोन किलोच्या कुत्रीची नसबंदी करावी का?

मेहकरमध्ये घरात पॉमेरियन किंवा चिहुआहुआ असेल, तर नसबंदीचं नाव काढताच भीती वाटते ती भुलीची. ती खोटी नाही. एवढ्याशा जिवाचं अंग भुलीत पटकन गार पडतं, फार वेळ उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते. पण दोन्हींवर उपाय आहेत: सतत ऊब आणि कमी तासांचा उपास.

नसबंदी टाळली तर उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा, म्हणजे पायोमेट्राचा, धोका राहतो. मग तीच शस्त्रक्रिया आजारी, म्हाताऱ्या कुत्रीवर घाईने करावी लागते. हा धोका जास्त मोठा.

माजावर असताना मात्र नको. त्यानंतर २-३ महिने थांबतात. गावात सोय नसेल तर अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. कुठेही गेलात तरी आधी विचारा: उपास किती तास, आणि टेबलावर ऊब कशाने देणार?