वाळ्याचे डोळे कोठें गेले?

पावसाळ्यांत अलिबाग-मुरुडकडील नारळीपोफळीच्या वाडींत कुदळ मारली, कीं गांडुळासारखा एक काळसर, चकचकीत जीव कधीं कधीं वळवळत वर येतो. मोरीवाटे तो घरांतहि शिरतो, आणि विषारी सापाचें पिलूं समजून ठेचला जातो. हा वाळा. साप खरा, पण वीतभरहि लांब नसलेला, बिनविषारी, मुंग्या-वाळवीच्या अंड्यांवर जगणारा. डोळ्यांच्या जागीं खवल्याखालीं दोन काळे ठिपके तेवढे दिसतात. उजेड कीं अंधार, एवढेंच त्यांना कळतें.

हे डोळे गेले कसे? ‘वापर नाहीं म्हणून झिजले,’ असें उत्तर सहज सुचतें. पण तें खरें नव्हे. वल्हीं मारून कोळ्याच्या तळहाताला घट्टे पडतात. त्याचें मूल मात्र घट्टे घेऊन जन्मत नाहीं. देहाची झीज वारशानें उतरत नाहीं. वारसा उतरतो तो जनुकांचा.

पोथीची नक्कल करतांना लेखनिकाची चूक व्हावी, तशी पिढीगणिक जनुकांची नक्कल होतांना क्वचित् चूक होते. उजेडांत राहणाऱ्या प्राण्याची दृष्टि अशा चुकीनें अधू झाली, तर तो शत्रूच्या तावडींत सांपडतो, आणि चूक त्याच्याबरोबरच संपते. मातीखालीं ही तपासणीच नाहीं. चुका लाखों वर्षें सांचत जातात. शिवाय डोळा पोसावयास अन्न लागतें. निरुपयोगी डोळ्याचा तो खर्च वांचला, तर लाभच. सापांच्या पूर्वजांपाशीं प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांचीं तीन जनुकें असावींत. वाळ्याच्या गोतांतील तपासलेल्या सापांत अंधुक उजेडाचें एकच उरलेलें आहे, असें 2015 सालच्या संशोधनांत आढळलें.

वाळ्याचा डोळस जातभाई कोठेंच नाहीं. त्यामुळें संकर करून पाहण्याची सोय नाहीं. मेक्सिकोंत मात्र टेट्रा नांवाचा मासा नदींत डोळस व गुहांत आंधळा आहे. दोन निरनिराळ्या गुहांतील आंधळ्या माशांचा संकर केला असतां कांहीं पिलांना दिसूं लागलें, असें 2008 सालीं प्रसिद्ध झालें! कारण दोन्ही घराण्यांत बिघडलेलीं जनुकें एकच नव्हतीं. एकाची उणीव दुसऱ्यानें भरून काढली.

तेव्हां वाळ्याचें आंधळेपण ही शिक्षा नव्हे, कीं अधोगतिहि नव्हे. त्याच्या घरीं डोळ्यांवांचून कांहीं अडत नाहीं, इतकेंच. पुढच्या पावसांत तो मोरींत दिसला, तर पायताण उचलूं नका. केरसुणीनें अलगद सुपलींत घ्या, आणि वाडींतल्या ओल्या मातींत सोडून द्या.