ऑपरेशन टेबलावरून मंत्र्यांच्या दारात

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर दिसणारा मुकेश आठवतो ना? तोंडाचा कॅन्सर झालेला तो मुकेश हराणे आपल्या भुसावळचा. गुटख्यानं त्याचा जीव घेतला. २००९ मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये तो गेला, तेव्हा वय होतं अवघं २४.

अशी तरुण पोरं टेबलावर येतात तेव्हा सर्जननं काय करायचं? गाल काढायचा, जबडा कापायचा. पेशंट वाचला तरी भाकरी चावणं मुश्कील. टाटाचे कॅन्सर सर्जन डॉ. पंकज चतुर्वेदी यांना वाटलं, पुडीच बंद व्हायला हवी. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स' ही चळवळ चालवली. ऑपरेशन झालेल्या पेशंटनाच मंत्र्यांसमोर नेलं. कागदावरचे आकडे विसरता येतात. अर्धा जबडा गेलेला माणूस समोर बसला, की नजर चुकवता येत नाही.

काम सोपं नव्हतं. महाराष्ट्रात २००२ मध्ये आलेली गुटखाबंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग २०११ चा अन्नसुरक्षा नियम हाती आला : खाद्यपदार्थात तंबाखू घालायची नाही. त्याच आधारावर २०१२ च्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेशनं आणि जुलैमध्ये महाराष्ट्रानं बंदी आणली.

यात बायकाही मागे नव्हत्या. भिंडची सुनीता तोमर दोन मुलांची आई. तंबाखूमुळे तिला तोंडाचा कॅन्सर झाला. पाकिटावरची मोठी इशाराचित्रं लांबणीवर पडली, तेव्हा तिनं थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं. १ एप्रिल २०१५ ला, २८ व्या वर्षी ती गेली. पुढच्या एप्रिलपासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा आला.

आणि आपल्याकडे? शिरपूरजवळ आग्रा महामार्गावर गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या धुळेकर वाचतच असतात. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात राज्यातल्या १७ टक्के बायका तंबाखू वापरत होत्या. सकाळची मशेरी म्हणजेही तंबाखूच, बरं का! तोंडात पांढरा-लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत जखम भरली नाही किंवा तोंड पूर्ण उघडेना, तर घरगुती उपाय करत बसू नका. जळगाव असो वा धुळे, लगेच सरकारी रुग्णालय गाठा.

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं मनाई आहे. सर्जन मंत्र्यांच्या दारापर्यंत गेले. शाळेजवळच्या टपरीपर्यंत आपल्यालाच जावं लागेल. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्याच!