पाळीव कासवाची अंडी उबवायची का? आधी पिल्लांच्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडा

घरातलं कासव दोन-चार दिवस नीट खात नाही, सारखं येरझाऱ्या घालतं, कुंडीतली माती मागच्या पायांनी उकरतं. मग एके सकाळी गॅलरीच्या कोपऱ्यात तीन-चार पांढरी अंडी दिसतात. मुलं नाचायला लागतात, आजी म्हणते लक्ष्मी आली, आणि कुणीतरी मोबाइलवर ‘अंडी कशी उबवायची’ हे शोधायला बसतं.

अंडी कशी उबवायची हा पुढचा प्रश्न. उबवायची की नाही, हा पहिला. आणि त्याचं उत्तर हौशीवर ठरत नाही. कासव कोणत्या जातीचं आहे, मादीची तब्येत कशी आहे आणि निघणारी पिल्लं पुढची चाळीस-पन्नास वर्षं राहणार कुठे, या तीन गोष्टींवर ते ठरतं.

कासव म्हणजे नेमकं कोणतं?

मराठीत जमिनीवरचं, तळ्यातलं आणि समुद्रातलं, सगळ्यांना ‘कासव’ हा एकच शब्द. गोंधळ तिथूनच सुरू होतो. बेळगाव, गोवा, वडोदरा, इंदूर किंवा हैदराबाद, कुठल्याही शहरातल्या घरांत सापडणारी कासवं साधारण चार गटांत मोडतात.

पहिलं तारा कासव. काळपट कवचावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतात. जमिनीवर राहतं, गवत-पाला खातं. घरात ठेवलं की पैसा टिकतो, या समजुतीपायी त्याची चोरटी विक्री होते.

दुसरं गावाकडच्या विहिरीत सोडतात ते मऊ पाठीचं कासव. पाणी स्वच्छ राहतं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते विहिरीत टाकलं जातं.

तिसरं ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतलं, पाण्यातलं.

चौथा गट परदेशी जमिनीवरच्या कासवांचा. त्यात आफ्रिकेतलं सुलकाटा जास्त दिसतं.

यातल्या पहिल्या दोघांसाठी प्रश्न इथंच संपतो. तारा कासव आणि विहिरीतलं मऊ पाठीचं कासव ही दोन्ही आपल्या देशातली वन्य कासवं आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तारा कासव पूर्वी चौथ्या अनुसूचीत होतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ते वाघ-बिबट्याच्या रांगेत आलं. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘सायटिस’ करारातही २०१९ मध्ये त्याला पहिल्या परिशिष्टात टाकण्यात आलं.

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘आम्ही विकत नाही, प्रेमानं सांभाळतो’ ही सबब चालत नाही. असं कासव घरात असेल तर त्याची जोडी जमवणं सोडाच, ते परस्पर कुणाला देणं किंवा माळावर सोडून येणंही योग्य नाही. वन विभागाच्या जवळच्या परिक्षेत्र कार्यालयाशी बोलून ते सोपवणं हाच मार्ग.

हद्द ओलांडली की कार्यालय बदलतं

सीमाभागातल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. वन्यजीव कायदा केंद्राचा, सगळीकडे सारखाच. पण त्याची अंमलबजावणी त्या त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकाकडे असते. चंदगडच्या माणसाला महाराष्ट्राचं कार्यालय, बेळगावच्या माणसाला कर्नाटकचं, पेडण्याच्या माणसाला गोव्याचं. बदली झाली, घर बदललं आणि कासव गाडीत घालून दुसऱ्या राज्यात नेलं, तर आधी चौकशी केलेली बरी.

सुलकाटासारख्या परदेशी कासवांचं वेगळं आहे. ही जात ‘सायटिस’च्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि कायद्याच्या नव्या चौथ्या अनुसूचीत या यादीतले प्राणी आले आहेत. २०२४ च्या नियमांनुसार असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला, मेला किंवा त्याला पिल्लं झाली, तर तेही कळवावं लागतं. पहिल्या परिशिष्टातल्या जातींचं, उदाहरणार्थ मादागास्करच्या रेडिएटेड कासवाचं, प्रजनन करायचं तर वेगळा परवानाच लागतो. थोडक्यात, आईबापांचे कागद नसतील तर पिल्लं जन्मतःच बिनकागदाची ठरतात.

पिल्लांचा ताळेबंद

समजा, कागद चोख आहेत. सुलकाटाची नर-मादी जोडी नोंदलेली आहे. आता साधा हिशेब मांडू.

सुलकाटाची मादी एका खेपेला साधारण पंधरा ते तीस अंडी घालते आणि एका हंगामात अशा एकाहून जास्त खेपा होऊ शकतात. आपण हात आखडून धरू. वर्षाला दोन खेपा, प्रत्येकी वीस अंडी, त्यातली निम्मीच उबली. तरी वर्षाला वीस पिल्लं. पाच वर्षांत शंभर.

जन्मतः हे पिल्लू तळहातावर मावतं. पूर्ण वाढलेलं सुलकाटा ४०-५० किलोचं होतं, नर त्याहून मोठा. ते जमिनीत खोल बिळं खणतं, कंपाउंडची कच्ची भिंत ढकलून पाडतं आणि पन्नास वर्षांहून अधिक जगू शकतं. म्हणजे चाळिशीत कासव पाळायला घेणाऱ्या माणसानं ते पुढे कोण सांभाळणार, हे मुलांना विचारूनच घ्यायला हवं. कासवांच्या आयुष्याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण पुरेल. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात १८७५ च्या सुमारास आणलेलं ‘अद्वैत’ हे अल्दाब्रा कासव २००६ मध्ये मेलं. सांभाळणाऱ्यांच्या किती पिढ्या बदलल्या असतील!

जमेच्या बाजूला ‘पिल्लं विकून पैसे येतील’ असं लिहिणारे खर्चाची बाजू विसरतात. इन्क्युबेटर, वीज, प्रत्येक पिल्लाला ऊब आणि अतिनील किरणांचा दिवा, वेगवेगळ्या पेट्या, रोजचा ताजा पाला, डॉक्टर. शिवाय घेणारा माणूस नोंदणी करणारा आहे का, त्याच्याकडे अंगण आहे का, हे बघण्याची जबाबदारीही देणाऱ्यावरच. दहा जण ‘मला एक दे रे’ म्हणतात. प्रत्यक्ष नेण्याची वेळ आली की दोघं उरतात.

स्लायडरचं गणित वेगळ्या कारणानं बिघडतं. दुकानातून आणताना ते बिस्किटाएवढं असतं. मादी पुढे २५ सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि तीस वर्षं जगू शकते. टाकी पुरत नाही, वास येतो, मग कुणीतरी संध्याकाळी गुपचूप ते तलावात सोडून येतं. जगातल्या शंभर सर्वांत घातक उपऱ्या प्रजातींच्या यादीत हे कासव आहे, कारण ते आपल्याकडच्या कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा बळकावतं आणि रोगही पसरवतं. भारतीय संरक्षित यादीत ते नाही, म्हणून दुकानात उघड मिळतं. पण पाळलेलीच कासवं लोकांना जड होत असताना घरी त्यांची आणखी पिल्लं काढण्याला काही अर्थ उरत नाही.

वेळासला किंवा गोव्यातल्या मोरजी, गालजीबागला सागरी कासवांची अंडी जपून पिल्लं समुद्रात सोडली जातात. ते पाहून घरीही तसंच करावं असं अनेकांना वाटतं. फरक एवढाच, की त्या पिल्लांना समोर त्यांचा समुद्र असतो. घरातल्या परदेशी पिल्लाला सोडायला इथं कुठलीच जागा नाही.

करायचंच असेल, तर कधी?

कागद आहेत, जागा आहे, पिल्लांची घरं ठरली आहेत, अशा थोड्यांसाठी पुढचा प्रश्न वेळेचा.

वय आणि आकार दोन्ही बघायचे. भरपूर खाऊ घालून कासव लवकर मोठं करता येतं, पण त्याची हाडं आणि अंडी घालण्याची क्षमता त्या वेगानं तयार होत नाही. मोठ्या जातीच्या मादीला पक्व व्हायला दहा-पंधरा वर्षं लागू शकतात. मादी नुकतीच घरी आली असेल, आजारातून उठली असेल किंवा कवचाला उंचवटे आणि मऊपणा आला असेल, तर थांबायचं.

अंड्याचं कवच मादीच्या अंगातल्या कॅल्शियमवर बनतं. समुद्रफेस, हिरवा पाला आणि कोवळं ऊन हे आधीपासून नियमित हवं. जोडी जमवण्याआधी विष्ठेची तपासणी करून जंतांवर उपचार करून घ्यावेत.

नराचा त्रास हाही मुद्दा आहे. तो मादीला सारखा धडका देतो, पाय चावतो. एका नरामागे दोन-तीन माद्या असल्या तर ताण विभागला जातो. नर वेगळा ठेवता येईल अशी जागा नसेल तर जोडी ठेवूच नये. एकाच खेपेची भावंडंही एकमेकांशी जोडू नयेत.

हवामानही बघावं लागतं. सुलकाटा हे सहारा वाळवंटाच्या कडेच्या कोरड्या भागातलं. बेळगावच्या पावसाळी गारठ्यात किंवा गोव्याच्या ओल्या हवेत त्याला सर्दी-न्यूमोनिया होतो. ग्वाल्हेर, इंदूरकडे हिवाळ्याच्या रात्री त्याला उबेशिवाय ठेवता येत नाही. या दिवसांत अंडी घालण्याचा भार मादीवर नको.

मादीच्या जिवाशी गाठ

अंडी अडकणं हा सगळ्यांत मोठा धोका. उकरायला मऊ माती नसली, कॅल्शियम कमी पडलं किंवा अंगात पाणी कमी असलं की अंडी आतच राहतात. मादी आधी अस्वस्थ होते, मग सुस्त पडते, खाणं सोडते, मागचे पाय ओढते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये. एक्स-रे काढून अंडी किती आणि कशी आहेत ते दिसतं. त्यानंतर औषध द्यायचं की शस्त्रक्रिया करायची, हे पशुवैद्य ठरवतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचे उपचार करणारा डॉक्टर प्रत्येक तालुक्याला मिळत नाही. जवळचा डॉक्टर कुठे आहे, हे जोडी जमवण्याआधी शोधून ठेवावं.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. नराशिवायही मादी अंडी घालते. ती उबत नाहीत, पण अडकू मात्र शकतात. शिवाय मादीच्या शरीरात नराचं बीज काही वर्षं टिकू शकतं. म्हणून ‘आमच्याकडे एकच कासव आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये. मादी एकटी असली तरी तिला उकरायला माती हवीच.

अंडी घातलीच आहेत, आता?

तारा कासव किंवा विहिरीतलं कासव असेल तर अंड्यांना हात न लावता वन विभागाला कळवावं.

स्लायडरची अंडी त्याच दिवशी उचलून डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावीत. आत जीव धरण्याआधीच वाढ थांबते. उशीर करू नये, कारण वाढ झालेल्या अंड्याच्या बाबतीत हे क्रूर ठरतं. सुलकाटाची अंडी उबवायची नसतील तर आधी पशुवैद्याशी बोलून ठेवावं, म्हणजे त्या दिवशी धावपळ होत नाही.

उबवायचीच असतील तर प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं हलकी खूण करावी आणि ती बाजू वरच ठेवावी. कोंबडीच्या अंड्यासारखं ते फिरवायचं नसतं. फिरवलं तर आतला जीव मरू शकतो. बहुतेक जातींत तापमानावर पिल्लाचं लिंग ठरतं. २८-२९ अंशांच्या आसपास नर जास्त, ३१-३२ च्या आसपास माद्या जास्त. सुलकाटाला साधारण तीन महिने लागतात. तेवढे दिवस वीज गेली तर काय, याचीही सोय हवी.

पिल्लं निघाली की मुलांना आवरावं. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. हात लावल्यावर साबणानं धुणं हा घराचा नियमच हवा. लहान मुलं आजारी पडू लागल्यावर अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली होती.

जोडी जमवण्याआधी एक कागद घ्यावा आणि डाव्या बाजूला पिल्लांचे आकडे लिहावेत, एक ते वीस. उजवीकडे प्रत्येक आकड्यासमोर ते पिल्लू ज्या घरी जाणार त्या माणसाचं नाव आणि पत्ता. जिथं नाव लिहिता येत नाही, ती रेघ रिकामी ठेवायची. निम्म्या रेघा रिकाम्या राहिल्या, तर नर आणि मादी वेगळ्या पेट्यांत ठेवावीत. कासवाला जोडीदाराशिवाय करमत नाही, ही माणसाची समजूत आहे. चांगलं ऊन, पाला, पाणी आणि उकरायला माती मिळाली, तर एकटं कासवही सुखानं म्हातारं होतं.