एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत

मुंबईहून सुटलेली एसटी पनवेल, माणगाव, म्हसळा करत बोर्ली पंचतनला येते. मुरूडच्या बाजूला ‘बोर्ली मांडला’ नावाचं दुसरं गाव आहे, त्यामुळे तिकीट काढताना ‘पंचतन’ म्हणायला विसरू नये. आसपासच्या वाड्यावस्त्यांची ही बाजारपेठ. पर्यटक इथे फारसे थांबत नाहीत. त्यांच्या गाड्या थेट दिवेआगर गाठतात. मला मात्र या किनाऱ्यावरच्या पायी प्रवासाची सुरुवात इथूनच करावीशी वाटते, कारण बोर्लीहून चालत निघालेल्याला परत बोर्लीला यावं लागत नाही.

स्वतःची मोटार घेऊन आलेला माणूस मोटारीला बांधलेला असतो. जितकं पुढे जाईल तितकंच मागे यायचं. एसटीने आलेला बोर्लीला उतरतो आणि श्रीवर्धनला चढतो; मधला सगळा किनारा त्याचा. इंग्लंडमध्ये पायी भटकंती फोफावली तीही अशाच साधनांवर. मँचेस्टरच्या परिसरातले कामगार सुट्टीच्या दिवशी रेल्वेने, बसने, सायकलने डोंगराच्या पायथ्याशी येत. 24 एप्रिल 1932 रोजी ते किंडर स्काउटच्या खासगी माळावर मज्जाव मोडून शिरले. काहींना तुरुंगवास झाला. पुढे 24 एप्रिल 1965 ला ‘पेनाइन वे’ ही सुमारे 430 किलोमीटरची पायवाट खुली झाली. ती सुरू होते एडेल गावातून, आणि एडेलला रेल्वे स्टेशन आहे.

कोकणात चालणं ही हौस नव्हती. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे वयाच्या सतराव्या वर्षी परीक्षेसाठी भर पावसात सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेले आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणबोटी होत्या, खाड्यांवर तरी होत्या. बाकी सगळं पायांवर. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली आणि पुढे ती खेडोपाडी पोचली, तेव्हा या चालण्याचे कष्ट गेले. वाटा उरल्या. आज आपण त्या आनंदासाठी चालू शकतो, ते एसटीने दिलेल्या सोयीमुळे.

बोर्ली ते दिवेआगर ही तास-सव्वा तासाची चाल. दिवेआगर पर्यटकांना सुवर्णगणेशामुळे माहीत. 1997 साली नारळी-पोफळीच्या वाडीत गणपतीचा तो सोन्याचा मुखवटा सापडला, 2012 च्या मार्चमध्ये दरोडा पडून चोरीला गेला, दोन पहारेकरी जिवानिशी गेले आणि 2021 च्या नोव्हेंबरात नव्याने घडवलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. पण माझे पाय आधी रूपनारायणाकडे वळतात. विष्णूच्या त्या काळ्या मूर्तीच्या प्रभावळीत दशावतार कोरले आहेत. घाईत आलेल्याला ते दिसत नाहीत. याच गावात शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा, ताम्रपट मिळाला. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. आपल्या भाषेचा इतका जुना लेख ज्या गावाने जपला, तिथे चालत पोचावं असं मला मनापासून वाटतं.

वाड्यांकडे मान वर करून पाहावं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच टापूत जमिनीवर आलं. श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्या पोफळींवर पिकते, त्या काडीसारख्या मोडल्या. नव्याने लावलेली पोफळ फळाला यायला वर्षांमागून वर्षं जातात. उंच जुन्या झाडांमधली मोकळी जागा आणि तिथली ठेंगणी रोपं पाहिली की वादळाचा हिशेब चालणाऱ्याला आपोआप कळतो.

दिवेआगरपुढे श्रीवर्धनपर्यंतची वाट समुद्राला धरून जाते. भरडखोलला होड्या आणि वाळत घातलेली मासळी. शेखाडीला डोंगर पाण्यापर्यंत उतरतो. 1993 च्या फेब्रुवारीत याच शेखाडीला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं उतरवली गेली होती. त्या शांत किनाऱ्याला ते ओझं अजून वागवावं लागतं. आरावी, कोंडविल या टप्प्यात डावीकडे डोंगर, उजवीकडे थेट अरबी समुद्र. वाट डांबरी आहे आणि पायी माणसासाठी वेगळी पट्टी नाही, ही खंत आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची आखणी होत असताना खाडीपुलांवर आणि रस्त्याकडेला चालणाऱ्यांसाठी हातभर जागा राखली, तर साऱ्या कोकण किनाऱ्याची सलग पायवाट होईल. हे आत्ताच मागायला हवं.

वाळूवरून चालायचं तर वेळापत्रकाइतकीच तिथी पाहावी लागते. किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीचे तास निघतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, भरती ऐन दुपारी. मग वाळूवर पहाटेच चालून घ्यावं. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढत नाही आणि फार हटतही नाही.

श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथ भटांचं मूळ गाव. एसटीचं आगारही इथे आहे, तेव्हा थकलेल्याने इथून परतावं. पुढे जाणाऱ्याने दुसऱ्या पहाटे हरिहरेश्वरची वाट धरावी. तिथली डोंगराभोवतीची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची. लाटांनी कोरलेल्या त्या खडकांवर माणसं वाहून गेली आहेत. भांगेच्या दिवसांत खडक पुरते उघडे पडत नाहीत, म्हणून पायऱ्या उतरण्याआधी देवळापाशी विचारून घ्यावं. तिथून बागमांडला जवळ. फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे वेश्वी, रत्नागिरी जिल्हा, आणि बाणकोटचा किल्ला.

यंदा निघायचं असेल तर लक्ष्मीपूजनानंतर आठवडाभराने येणारी कार्तिक शुद्ध अष्टमी धरावी. त्या दिवशी ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण होते. सकाळी बोर्लीला उतरून न्याहारी करून, रूपनारायणाचं दर्शन घेऊन दिवेआगरच्या वाळूवर पाय ठेवाल, तोवर पाणी मागे सरत असेल.