मलकापूर स्टेशनावर उतरलेली बिऱ्हाडं

बुलढाणा हे जिल्ह्याचं ठिकाण, पण तिथे रेल्वे अजून पोचलेली नाही. मुंबईहून नागपूरकडे जाताना भुसावळ मागे पडलं की मलकापूरला उतरायचं, मोताळ्यावरून पुढे निघायचं आणि राजूर घाट चढून बुलढाणा गाठायचं. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. आज एस.टी. आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टांगा किंवा बैलगाडी होती, आणि तिच्यात अधूनमधून एखादं गोरं मिशनरी बिऱ्हाड ट्रंकांसकट बसलेलं असायचं.

मलकापूर, खामगाव, अकोला या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम होतं. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर आणि पुढे वाशीम इथे नाझरीन चर्चची मंडळी होती. कॅनडात जन्मलेले लेटन ट्रेसी १९०४ साली बुलढाण्यात आले. त्यांच्या कन्येने, ऑलिव्ह ट्रेसीने, पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं. मिशनऱ्यांच्या अशा चरित्रांत पहिल्या प्रवासाचं वर्णन हमखास असतं: निरोप, बोट, समुद्र, मुंबईचं बंदर. माझ्या मते खरी गोष्ट दुसऱ्या प्रवासाची आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला वऱ्हाडातला मे महिना ठाऊक नसतो. दुसऱ्यांदा येणारा सगळं ठाऊक असून येतो.

त्या काळी पाच ते सात वर्षं काम झालं की वर्षभराची रजा मिळे. तिला फर्लो म्हणत. रजा म्हणजे विश्रांती, असं मात्र कुणी समजू नये. गावोगावच्या चर्चमध्ये भाषणं करायची, पैसा उभा करायचा, डॉक्टर असेल तर मधल्या काळात वैद्यकात काय नवं आलं ते शिकून घ्यायचं. मदत फक्त पैशाची नसे: नाझरीन चर्चमधल्या बायका जुन्या चादरी फाडून, त्यांच्या पट्ट्या गुंडाळून बँडेजं तयार करत आणि खोकी भरून मिशनच्या दवाखान्यांकडे पाठवत.

रजेनंतर परत येणं डॉक्टरच्या बाबतीत अगदी व्यावहारिक अर्थानेही मोलाचं होतं. मराठी यायलाच दोन वर्षं जात. महाबळेश्वरला उन्हाळ्यात मराठीचे वर्ग भरत. तिथे व्याकरण शिकलेला माणूस वऱ्हाडात आला की ‘पोटात कळ येऊन राह्यली’ म्हणजे काय, हे पेशंटकडूनच शिकायचा. नारू हा तेव्हा इथला नेहमीचा रोग. पायाला फोड येतो, फुटतो, आणि आतून दोऱ्यासारखा जंतू डोकावतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळतो. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि पेरणीच्या तोंडावर घायकुतीला आलेल्या शेतकऱ्याला ‘उद्या पुन्हा ये’ असं पटवणं वेगळं. असा हात बसलेला डॉक्टर रजेवर गेला तो गेलाच, तर दवाखाना पुन्हा पहिल्या पायरीवर.

वाशीमचा रेनॉल्ड्स मेमोरियल दवाखाना या बाबतीत बघण्यासारखा आहे. डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली भारतात आल्या आणि दोनेक वर्षांत वाशीमला, शाळेच्या जुन्या इमारतीत त्यांनी दवाखाना सुरू केला. पुढे जवळपास चार दशकं त्यांचं काम याच भागात चाललं.

त्यांच्या मदतीला निघालेल्या दोघींची हकीकत तर विलक्षण आहे. डॉ. एव्हलिन विथॉफ आणि परिचारिका जेराल्डीन चॅपेल १९४१ साली भारताकडे निघाल्या. बोट मनिलाला असताना जपान युद्धात उतरला, आणि दोघी सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारातल्या नजरकैदेत अडकल्या. हजारो लोक तिथे कोंडलेले. शेवटच्या वर्षात अन्न इतकं तुटलं की माणसं अक्षरशः हाडांवर आली. ३ फेब्रुवारी १९४५ रोजी सुटका झाली. दोघी अमेरिकेला गेल्या, अंगात ताकद आल्यावर पुन्हा बोटीत बसल्या आणि या वेळी भारतात पोचल्या. मधल्या तीन वर्षांनंतर कुणी घरी बसलं असतं, तर त्याला बोल लावायला कोण धजलं असतं?

कुटुंबाचा हिशेब वेगळा. मुलं सहा-सात वर्षांची झाली की कोडाईकॅनल किंवा मसुरीजवळच्या वुडस्टॉक शाळेत जायची. आई-बाप वऱ्हाडात, मुलं दोन-तीन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर. मोठी झाली की फर्लोहून परतताना त्यांना अमेरिकेतच ठेवून यायचं. सेवेच्या गोष्टींत बापाचं नाव ठळक होतं, पण तिची किंमत आईने आणि पोरांनी मोजली, असं मला ही चरित्रं वाचताना नेहमी वाटतं.

तरी काही पोरं परतलीच. अहमदनगरचं ह्यूम घराणं घ्या. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ मध्ये मुंबईत आले. १८५४ साली तब्येतीसाठी मायदेशी निघाले आणि वाटेत समुद्रातच वारले. विधवा पत्नी हॅना मुलांना घेऊन अमेरिकेला गेली. तिथे हा अध्याय संपायला हवा होता. पण भायखळ्याला जन्मलेला मुलगा रॉबर्ट अ‍ॅलन १८७४ मध्ये परत आला आणि नगरला स्थिरावला. त्याची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरलाच आली आणि तिने बायकांसाठी दवाखाना उभारला. याच घराण्यातला, नगरला जन्मलेला एडवर्ड ह्यूम मुंबईत प्लेगचं काम करून चीनला गेला आणि १९०६ मध्ये चांगशाला त्याने दवाखाना उघडला.

या सगळ्याकडे भाबडेपणाने बघण्याचं कारण नाही. ही मंडळी धर्मप्रसारासाठीच आली होती आणि ते लपवतही नव्हती. बुलढाणा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. त्या राज्याने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. समितीच्या प्रश्नावलीत ९९ प्रश्न होते, दवाखान्यांचा धर्मांतरासाठी वापर होतो का, हाही त्यांत होता. १९५६ च्या अहवालात मिशनांवर कठोर ठपका आला. मिशनवाल्यांनी तो अन्याय मानला. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं: आजारी माणसाच्या उशाशी प्रार्थना करणारा डॉक्टर निरागस असेलही, पण पेशंट त्या क्षणी मोकळा नसतो. आणि त्याच वेळी, अडलेल्या बाळंतिणीला घेऊन रात्री निघालेल्या बैलगाडीला तालुक्यात अनेकदा दुसरं दारही नसायचं.

पुढे परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणं कठीण होत गेलं आणि परतीची ही वाट हळूहळू बंद झाली. वाशीमला परिचारिकांचं शिक्षण आधीच सुरू झालेलं होतं; दवाखाना भारतीय हातांत आला. उत्तरेतल्या अशाच अनेक मिशन दवाखान्यांचा भार घेण्यासाठी १९७० मध्ये इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन स्थापन झाली. नंदुरबार जिल्ह्यातलं चिंचपाडा इथलं रुग्णालय तिच्याकडेच आहे.

आता असल्या दवाखान्यांत येणारी अनेक डॉक्टर जोडपी वेल्लोर किंवा लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांतून येतात. चर्चच्या शिफारशीवर प्रवेश मिळालेल्यांना शिक्षणानंतर काही काळ अशा ठिकाणी काम करण्याचा बाँड असतो. तो पुरा झाला की पुढचं शिक्षण, शहरातली नोकरी, मुलांची शाळा हे सगळं वाट बघत असतंच. बाँडचा डॉक्टर अनेक मिशन दवाखान्यांना मिळतो; एम.डी. करून बायको-मुलांसह पुन्हा त्याच गावी येणारा मात्र आजही व्यवस्थापकांना शोधावा लागतो.