पूररेषेबाहेरची प्रत

ऑगस्ट 2019मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पाणी 55 फुटांच्याही वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता. अशा वेळी कोल्हापुरातल्या तळमजल्यावरच्या सर्व्हरमधला हिशेब वाचवायचा, तर त्याची चालू प्रत दुसऱ्या गावात हवी. यालाच रेप्लिकेशन म्हणतात.

पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसमध्ये प्रत्येक बदल रोजकीर्दीसारखा आधी ‘वॉल’ या नोंदीत उतरतो. मुख्य सर्व्हर त्याच नोंदी दुय्यम सर्व्हरला सतत पाठवत राहतो. मुख्य सर्व्हरवर त्यासाठी फार खटाटोप नाही. रेप्लिकेशनपुरताच अधिकार असलेला वेगळा युजर करायचा. ‘पीजी-एचबीए’ फाइलमध्ये त्याच्यासाठी एक ओळ घालायची, तीही दुय्यम सर्व्हरच्या पत्त्यापुरतीच. सगळ्या जगाला दार उघडे ठेवणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नये. पोस्टग्रेस मुळात स्वतःच्याच मशीनवरून आलेली जोडणी स्वीकारतो. ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’ बदलून त्याला बाहेरचीही घ्यायला लावायची. इथे रीलोड पुरत नाही, रीस्टार्टच करावा लागतो.

मात्र इकडे चुकून पुसलेली नोंद तिकडेही लगेच पुसली जाते. त्यामुळे रोजचा बॅकअप बंद करू नका.