तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स

सकाळी साडेआठला भोसरीतल्या गॅरेजचं शटर वर केलं. काल खोललेली पेटी टेबलावर प्लास्टिकखाली तशीच होती. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीतली ही सहा गिअरची ऑटोमॅटिक. गाडी एका शिक्षिकेची. त्यांची तक्रार जॉबकार्डावर त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली होती: "चाळीसच्या पुढे इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. काल सोसायटीत रिव्हर्सच पडेना, वॉचमनने ढकलून बाहेर काढली."

तेवढ्यावरच निदान झालं होतं. या पेटीत पाच क्लच असतात आणि कुठल्याही गिअरला त्यांतले दोन धरतात. माझ्याकडे भिंतीवर खडूने तक्ताच काढलेला आहे. तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स या तिघांत एकच क्लच समान. तिघं एकदम गेले म्हणजे दुसरीकडे शोधायचं कारण नाही. पेटी उघडली तर त्याच क्लचची वेव्ह प्लेट तीन तुकडे होऊन ड्रममध्ये पडलेली.

नऊच्या सुमारास कुरियर आलं. ही प्लेट कंपनीने मागाहून बदलली आहे, त्यामुळे भाग क्रमांक वेगळा. जुने तुकडे जुळवून शेजारी नवी ठेवली. वेव्ह प्लेट वरून साधी पोलादी चकती दिसते. काचेवर आडवी ठेवून मागे बॅटरी धरली, की खालून उजेडाच्या फटी दिसतात. ती किंचित लाटेसारखी वाकवलेली असते. क्लच धरताना आधी ती दबते, मग बाकीच्या प्लेटा घट्ट होतात, म्हणून गिअर बदलताना झटका बसत नाही. पण दर वेळी दबायचं आणि परत उठायचं. हजारो वेळा हेच झालं, की दातांच्या मुळाशी कोपऱ्यात बारीक तडा जातो आणि तिथून ती फुटते. नव्या प्लेटमध्ये तो कोपरा गोलसर केलाय, लाटांची उंचीही वेगळी आहे.

"मिस्त्री, ही बसवली की झालं ना?" हाताखालच्या पोराने विचारलं.

नाही झालं. नवीन फ्रिक्शन प्लेटा ऑइलच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवायला सांगितलं, किमान अर्धा तास. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच पकडीत वरचा थर जळतो. तोवर ड्रम धुतला. तुकड्यांनी आत ओरखडे काढले होते, पण खाचांना नख अडकत नव्हतं. अडकलं असतं तर ड्रमही टाकून दिला असता. पिस्टनचे रबरी सील बदलले. कॉटन वेस्टला या टेबलावर मी बंदी घातली आहे. तिचा एक धागा वाल्व्ह बॉडीत गेला, की पिटुकला वाल्व्ह अडकतो आणि सगळी पेटी पुन्हा खाली.

साडेअकरा ते एक हे तास दिवसातले सगळ्यात महत्त्वाचे. प्लेटा एकाआड एक रचल्या, वर जाड प्रेशर प्लेट, त्यावर सर्कलिप. आता फट मोजायची. दर फ्रिक्शन प्लेटमागे साधारण पाव मिलिमीटर हा धंद्यातला ढोबळ हिशेब, पण शेवटचा शब्द त्या पेटीच्या पुस्तकाचा. फट कमी पडली तर क्लच सुटा असतानाही घासतो आणि जळतो. जास्त झाली तर पिस्टनला जास्त सरकावं लागतं, पकड उशिरा येते आणि धक्का देऊन येते.

फसगत इथेच होते. लाट दाबली की फट मोठी दिसते, सैल सोडली की लहान. त्यात नव्या प्लेटची लाटच वेगळी, म्हणजे जुन्या प्रेशर प्लेटचा हिशेब लागू पडेल याची खात्री नाही. पोराने फिलर गेज एकाच जागी घालून "बरोबर आहे" म्हटलं. मी डायल गेज लावला, पिस्टनला हवा दिली आणि सरक तीन ठिकाणी मोजली. जास्त निघाली. एक नंबर जाड प्रेशर प्लेट घातली आणि पुन्हा मोजलं. आता पुस्तकात बसली. आकडा कार्डावर लिहिला. सुधारित भाग जुन्या मापावर बसवणं म्हणजे तोच बिघाड दुसऱ्या नावाने परत बोलावणं, हे त्या पोराच्या हातात मुरावं एवढीच माझी इच्छा आहे.

जेवताना त्याने विचारलं, ऑटोमॅटिक किती जुन्या. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रा-मॅटिक आली, म्हटलं. प्लेटा आणि ऑइलचा दाब तेव्हाही होताच. तो डबा हातात धरून बसूनच राहिला.

दोन वाजता हवेची परीक्षा. ऑइलच्या भोकातून कंप्रेसरची हवा दिली, की क्लच "थप्प" वाजला पाहिजे. वाजला. सूं आवाज आला असता तर सील पुन्हा काढला असता. मग पेटी बंद केली, कूलर फ्लश केला, टॉर्क कन्व्हर्टर बसवला. तो फिरवत आत सारायचा, तीन टप्प्यांत खाली जातो. तिसरा टप्पा न लागताच बोल्ट आवळले, तर पंप फुटतो.

गाडीखालचे तीन तास नेहमीचेच. सहाला ऑइल भरलं आणि इंजिन चालू ठेवून, पुस्तकातल्या तापमानाला पातळी पाहिली. "आयुष्यभराचं ऑइल" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की झेडएफ ही जर्मन गिअरबॉक्स कंपनी आपल्या पेट्यांचं ऑइल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. स्कॅनर लावून कॉम्प्युटरने जुन्या क्लचचं शिकलेलं सगळं पुसलं, कारण नव्या क्लचला ते माप चालत नाही. मग ट्रायल. इंद्रायणीनगरच्या चढावर तिसरा गिअर कधी पडला, ते कळलंच नाही.

साडेसातला बाई आल्या. त्यांच्या हातात तुटलेले तीन तुकडे आणि कार्ड दिलं. रिव्हर्स पडायला उशीर लागू लागला, तर गाडी तशीच रेटू नका, टो करून आणा. प्लेट फुटायच्या आधी आणली तर ड्रम वाचतो. आणि काम कुठेही करा, जुने भाग आणि मोजलेल्या फटीचा आकडा मेकॅनिककडून मागून घ्या.